न विचारता नेलेली होडी

हेमांगीचा केस वाळवायचा ड्रायर बोटीच्या नाकाशी धरून हे शिडीवर उभे होते आणि एकेक आकडा सोलून काढत होते. गरम वाऱ्यानं चिकटपट्टी मऊ झाली की नखानं टोक उचलायचं आणि हळूच ओढायचं. फणसाच्या गऱ्यावरची पाती निघावी तसा आकडा निघून यायचा. खाली मी आणि हेमांगी उभ्या होतो, आणि प्रत्येक आकडा ते आमच्याकडे भिरकावत होते.

"कपाळावरचो नंबर गेलो बघ," वरून म्हणाले. "इतके दिवस कैद्यासारखी फिरत होती. आता माणसासारखी नावान फिरतली."

"बाबा, माझा ड्रायर जळेल," हेमांगी म्हणाली.

"जळू दे. मालकीणबाई झाल्यात तुम्ही. नवा घ्या."

हे माझे यजमान, जगन्नाथ कुबल. मूळचे देवगडचे, गाबीत घराण्यातले. बाप-आजा समुद्रावर जगलेले. हे स्वतः जहाजावर फिटर म्हणून लागले, दहा-बारा वर्षं जग हिंडले आणि शेवटी डेट्रॉइटच्या वरच्या अंगाला, लेक सेंट क्लेअर नावाच्या मोठ्या सरोवराकाठी एका मशीन शॉपमध्ये नोकरीला लागून तिथंच राहिले. मी रत्नागिरीची. त्यामुळे मालवणी बोली ह्यांची, माझी नव्हे. पण ऐकून ऐकून कानात बसली. हेमांगी आमची एकुलती एक. जन्मली अमेरिकेत, पण पहिली ते सातवी माझ्याबरोबर देवगडला शिकली, कारण सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. त्या गेल्यावर आम्ही दोघी परत आलो.

बोट ह्यांनी जुनी घेतली होती. अठ्ठावीस फुटी, पुढं छोटीशी केबिन, पोटात थकलेलं इंजिन. ते इंजिन ह्यांनी दोन हिवाळे खपून पुन्हा उभं केलं. सुरुवातीला बोट मिशिगन राज्याकडे ह्यांच्या नावानं नोंदवली होती. मोटारीसारखंच असतं ते. राज्य एक नंबर देतं, तो नाकाच्या दोन्ही बाजूंना ठळक चिकटवायचा. ह्यांना तो नंबर डोळ्यांत सलायचा. आमच्याकडे होडीला नाव असतं, तिला नारळ असतो, हार असतो, नंबर कसला?

मग धक्क्यावर कोणीतरी सांगितलं की दुसरीही नोंदणी असते. ती केंद्र सरकारची. बोट पुरेशा वजनाची असली की ती करता येते. मग नाकावर आकडे नकोत, मागच्या बाजूला नुसतं बोटीचं नाव आणि बंदर लिहायचं. सरकारी क्रमांक बोटीच्या पोटात, आतल्या तुळईवर पक्का बसवायचा. तो कोणाला दिसतही नाही. सरोवराच्या पलीकडं कॅनडा. तिकडच्या बंदरातही हा कागद सरळ चालतो. हे हरखले. अर्ज मागवला. आणि त्यात एक अट निघाली: मालक अमेरिकेचा नागरिक पाहिजे.

राज्याला त्याचं सोयरसुतक नव्हतं. केंद्राला होतं. आणि हे नागरिक नव्हते. ग्रीन कार्ड होतं, मागितलं असतं तर नागरिकत्व केव्हाच मिळालं असतं. पण त्यांचं एकच म्हणणं, "माका पासपोर्ट बदलूचो नाय. बाप बदलल्यासारखा वाटता." ते नाहीत म्हणून मीही नव्हते. घरात अमेरिकन नागरिक एकच, हेमांगी. तिला अठरा पूर्ण झाली त्या वसंतात ह्यांनी बोट तिच्या नावावर करून दिली. सही करताना ती हसत होती. मीही हसले. मालक म्हणजे काय, ते आमच्यापैकी कोणाच्याच मनात आलं नाही.

जामसंड्याच्या दिर्बादेवीवरून बोटीचं नाव ठेवलं. 'दिर्बा' ही अक्षरं इंग्रजीत मागच्या फळीवर आली तेव्हा ह्यांनी नारळ फोडला आणि शेजारच्या बोटीवरच्या गोऱ्या म्हाताऱ्यालाही खोबरं दिलं.

तेव्हापासून एक थट्टा सुरू झाली. दर रविवारी बोट काढायच्या आधी हे हेमांगीसमोर हात जोडून उभे राहायचे.

"मालकीणबाई, होडी नेऊ काय?"

ती आपली पुस्तकातून मान वर न करता म्हणायची, "न्या. पण दिवेलागणीच्या आत परत आणा."

ती नर्सिंगला होती. सुट्टीत एका इस्पितळात काम करायची.

विनायक लोटलीकर आणि शुभदा हे आमचे तिथले घरचे म्हणावेत असे स्नेही. विनायक ह्यांच्याहून पंधराएक वर्षांनी लहान, गाड्यांच्या कारखान्यात इंजिनीअर. शुभदा बडबडी, गोड गळ्याची. तिची मुलं, एक पाचवीतला, एक त्याहून धाकटी. दिवाळीला ती माणसं आमच्याकडे आणि नाताळच्या सुट्टीत आम्ही त्यांच्याकडे. ती ह्यांना जगूभाऊ म्हणायची आणि माझ्याकडून आंबोळ्या शिकायची, पण तिच्या आंबोळ्या काही उलटायच्या नाहीत.

पुढच्या वर्षी ऑगस्टमधल्या एका रविवारी ह्यांनी त्या चौघांना बोटीवर बोलावलं. मला त्या दिवशी ताप होता, मी घरी राहिले. सकाळी हे निघाले ते किल्ली विसरूनच. हेमांगी इस्पितळात कामाला निघाली होती, जाता जाता धक्क्यावर थांबून तिनं किल्ली दिली. एवढंच मला माहीत. संध्याकाळी चार-साडेचारला पश्चिमेकडं आभाळ काळं झालं. खिडकीचे पडदे अंगावर आले. मी उठून खिडक्या लावल्या आणि म्हटलं, परत आले असतील.

पुढचं सगळं मला ह्यांच्या तोंडून कळलं, तुकड्यातुकड्यानं.

ते सरोवर उथळ. वारा सुटला की त्यावर लांब लाट उठत नाही, तोकड्या, उभ्या, एकीवर एक आदळणाऱ्या लाटा उठतात. समुद्रावर वाढलेल्या माणसाला त्या ठाऊक नसतात. आभाळ भरून आलं तेव्हा शुभदा म्हणाली, परत फिरू या का? हे हसले. म्हणाले, "ह्यो काय समुद्र? तळा आसा तां." मुलांना तरंगायची जॅकेटं घातलेली होती. शुभदाच्या गळ्याला पट्टा टोचत होता म्हणून तिनं आपलं काढून ठेवलं होतं. हे तिला काही बोलले नाहीत. वारा आला तो एकदम. धाकटीची टोपी उडाली, ती धरायला शुभदा उठली, आणि त्याच वेळी बोट आडवी लाट घेऊन कलली. कठड्यावर डोकं आपटून ती पाण्यात गेली. ओरडलीसुद्धा नाही.

ह्यांनी बोट वळवली, सुकाणू विनायकच्या हातात दिलं आणि उडी मारली. विनायकला बोट आवरता येईना. पावसात काही दिसेना. हे बुड्या मारत राहिले, शेवटी दुसऱ्या एका बोटीनं ह्यांनाच वर ओढलं. शुभदा सापडली तेव्हा वारा पडलेला होता आणि पाणी असं सपाट, जणू काही घडलंच नाही.

अंत्यसंस्काराला आम्ही गेलो. मागच्या ओळीत उभे राहिलो. विनायकनं आमच्याकडं पाहिलं नाही. मोठा मुलगा मात्र माझ्याकडं बघत होता. मी तळलेल्या करंज्या खाणारं पोर ते. त्याला कळेना आम्ही पुढं का येत नाही.

हिवाळा सुरू होताना विनायकच्या वकीलबाईंची नोटीस आली. पाकिटावर नाव हेमांगीचं होतं.

आमच्या वकिलाचं नाव हॅनली. पोक्त माणूस, आवाज न चढवता बोलायचा. हेमांगी कॉलेजात होती म्हणून पहिल्या भेटीला आम्ही दोघंच गेलो. त्यानं समजावून सांगितलं: बोट चालवणारा निष्काळजी असेल आणि मालकाच्या संमतीनं चालवत असेल, तर मालकही जबाबदार. केंद्राच्या कागदावर एकटी हेमांगी मालक. विमा आहे, पण तोकडा. दावा सिद्ध झाला तर पोरीचं शिक्षण, नोकरी, पुढं मिळवील ते, सगळ्यावर त्याचा बोजा. वर्षानुवर्षं.

"होडी माझी," हे म्हणाले. "मी घेतली. मी दुरुस्त केली. पोर कधी सुकाणूला हातसुद्धा लावत नाही. बोट राज्याच्या कागदावर माझ्या नावावरच होती."

"होती," हॅनली म्हणाला. "तशीच ठेवली असतीत तर तुमच्या मुलीचं नाव ह्यात आलंच नसतं."

ह्यांनी टेबलावरची पेन्सिल उचलली, परत ठेवली.

"तिनं संमती दिलीच नसेल तर?" ह्यांनी विचारलं.

"घरच्या माणसानं चालवली तर संमती होती असंच कायदा धरून चालतो. तसं नव्हतं हे दाखवावं लागतं."

"समजा मी तिला न विचारता नेली. तर?"

हॅनलीनं चष्मा काढला. काचा पुसून परत लावला.

"मिस्टर कुबल, मी तुम्हाला काही शिकवणार नाही. तुम्ही विचारलंत म्हणून कायदा सांगतो. तसं असेल तर तो प्रश्न तिचा राहत नाही, तुमचा होतो. सरकारी वकिलाच्या दृष्टीनं दुसऱ्याची बोट न विचारता नेणं आणि त्यात माणूस मरणं, हे निव्वळ अपघातापेक्षा फार वाईट दिसतं. आणि तुम्ही ह्या देशाचे नागरिक नाही. शिक्षा झाली तर ती भोगून इथं राहता येईल असं समजू नका."

घरी आल्यावर ह्यांनी बाजारातून आणलेले मासे स्वतः साफ करायला घेतले. ओट्याशी पाठमोरे उभे होते. खवले काढता काढता म्हणाले, "हेमाक ह्यातला काय एक सांगू नको."

मी विचारलं नाही, कशातलं. बत्तीस वर्षांचा संसार. पाठ बघूनसुद्धा माणूस कळतं.

"तुम्ही तिकडं गेल्यावर मी इथं काय करू?" मी एवढंच म्हटलं.

"तू पण ये. घर आसा, आंब्याची चार झाडां आसत. पोर हय रवात. तिका हयच रवाक व्हया." मग पाणी सोडून हात धुतले, आणि पुष्कळ वेळ धुतच राहिले. "शुभदान सांगितल्यान, परत फिरू. मी हसलंय गो. तां हसणां माझा आसा, पोरीचा नाय."

जबाबाचा दिवस फेब्रुवारीत होता. तिथं असे जबाब कोर्टात नव्हे, वकिलाच्या कचेरीत होतात. न्यायाधीश नसतो, पण शपथ असते, आणि एक बाई बसून प्रत्येक शब्द टंकून घेते. लांब टेबलाच्या एका बाजूला हॅनली, हे आणि हेमांगी. समोर त्यांच्या वकीलबाई आणि विनायक. मी भिंतीकडच्या खुर्चीवर. मला बसू द्यायला त्यांनी हरकत घेतली नाही. विनायक वाळला होता. सदऱ्याचं एक बटण चुकीच्या काजात गेलं होतं. शुभदा असती तर घराबाहेर पाऊल टाकायच्या आत तिनं ते नीट केलं असतं.

आधी ह्यांचा जबाब. नाव, गाव, काम, बोटीची माहिती. ह्यांचं इंग्रजी जहाजावरचं, आखूड पण स्पष्ट.

"बोट कोणाची होती?" वकीलबाईंनी विचारलं.

"माझ्या मुलीची."

"त्या रविवारी ती नेताना तुम्ही मुलीची परवानगी घेतली होती?"

"नाही."

हेमांगीनं मान वर केली.

"नाही?" वकीलबाईंनाही हे उत्तर अपेक्षित नव्हतं. "मग किल्ली कुठून मिळाली?"

"तिच्या पर्समधून काढली. ती झोपली होती."

"बाबा!" हेमांगी मराठीत म्हणाली. "बाबा, काय बोलताय तुम्ही?"

हॅनलीनं तिच्या दंडावर हात ठेवला. मग ह्यांच्याकडं वळून हळू पण सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाला, "मिस्टर कुबल, ज्या उत्तरानं तुमच्यावर गुन्हा येऊ शकतो ते उत्तर न देण्याचा तुम्हाला हक्क आहे."

"मला उत्तर द्यायचं आहे," हे म्हणाले.

"एरवी परवानगी घेत होता?" वकीलबाईंनी विचारलं.

"एरवी घेत होतो. त्या दिवशी नाही."

"का नाही?"

ह्यांनी विनायककडं पाहिलं. त्या घटनेनंतर पहिल्यांदाच दोघांची नजरानजर झाली.

"हवा बिघडणार असं सकाळी रेडिओवर सांगत होते. तिला विचारलं असतं तर तिनं नको म्हटलं असतं. म्हणून विचारलं नाही."

किल्लीचं खोटं मला माहीत होतं. रेडिओचं माहीत नव्हतं. आमच्या ओट्यावर रेडिओ असायचा, सकाळी चालू असायचा, त्या दिवशी मी तापानं आतल्या खोलीत होते. ते शेवटचं वाक्य ह्यांनी रचलं होतं, की ते खरं होतं आणि खोट्याच्या आडोशानं ते त्यांनी एकदाचं सांगून टाकलं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. मी कधी विचारलं नाही.

विनायक मात्र खुर्चीत ताठ झाला होता. त्याचा चेहरा दगडासारखा होता.

मधली सुट्टी झाली. हेमांगी मला ओढतच बाहेरच्या बोळात घेऊन आली.

"आई, मी त्यांना किल्ली दिली. धक्क्यावर जाऊन दिली. त्यांनी हात जोडले, मालकीणबाई म्हणाले, मी न्या म्हटलं. मी आत जाऊन हेच सांगणार आहे."

"तिथं कोण होतं तेव्हा?"

"कोणी नव्हतं. बाबा एकटेच होते बोटीवर."

"मग तू सांगणार नाहीस."

"आई, ती शपथ आहे!"

"माहीत आहे मला."

"म्हणजे मी बाबांना चोर म्हणू? सगळ्यांच्या समोर?"

एकोणीस वर्षांचं पोर. मला तिला जवळ घ्यावंसं वाटत होतं, पण जवळ घेतलं असतं तर आम्ही दोघी कोसळलो असतो आणि त्या दारातून परत आत गेलोच नसतो. मी तिचे दोन्ही खांदे धरले.

"तुझा बाप शपथेवर खोटं बोलून बसलाय. आता तू खरं सांगितलंस तर तोही जाईल आणि तूही जाशील. ते फुकट घालवू नकोस."

"तुला काहीच कसं वाटत नाही?"

मी तिची कॉलर सारखी केली आणि दार उघडलं. आजही तिला वाटतं की मला काही वाटलं नव्हतं.

तिची पाळी आली. शपथ घेतली. वकीलबाईंनी बाकीचं थोडक्यात आटोपलं आणि विचारलं, "त्या दिवशी वडिलांना बोट नेण्याची परवानगी तुम्ही दिली होती?"

हेमांगी ह्यांच्याकडं बघत नव्हती, माझ्याकडंही नाही. टेबलाच्या लाकडाकडं बघत होती. बाहेर बर्फ साफ करणारी गाडी घरघरत गेली. वकीलबाईंनी प्रश्न पुन्हा विचारला.

"नाही," ती म्हणाली.

"तुम्हाला त्याची कल्पना होती?"

"नाही."

ह्यांनी डोळे मिटून घेतले. वकीलबाई विनायककडं वाकल्या आणि त्याच्या कानात काहीतरी विचारलं. त्यानं मान हलवली, नकारार्थी. त्यांनी पुन्हा काही विचारलं. त्यानं पुन्हा तसंच केलं. मग त्यांनी कागद मिटले.

हे आणि हॅनली आत बोलत थांबले. हेमांगी स्वच्छतागृहात गेली. मी तिचा कोट हातात घेऊन लिफ्टपाशी उभी होते तेव्हा विनायक आला. लिफ्ट यायला वेळ होता. मला वाटलं तो जिन्यानं जाईल. पण तो माझ्याशेजारी येऊन उभा राहिला.

"वहिनी," तो म्हणाला. अंत्यसंस्कारानंतर त्यानं मला मारलेली ही पहिली हाक. "हेमांगी आली होती त्या दिवशी."

मी मागं वळून स्वच्छतागृहाच्या दाराकडं पाहिलं.

"आम्ही आधीच पोचलो होतो. मी आणि शुभदा खाली केबिनमध्ये पोरांना जॅकेटं घालत होतो. वरची झडप उघडी होती. तो मालकीणबाई म्हणाला. ती न्या म्हणाली. मी ऐकलं सगळं. खाली आवाज येत नाही असं त्याला वाटलं असेल."

आतल्या खोलीकडं धावावं की ह्याचे पाय धरावेत? "मग तू वकीलबाईंना..."

"त्यांनी मला तेच विचारलं. मुलगी तिथं आली होती का? मी नाही म्हटलं."

मी त्याचा हात धरला. "विनायक, माझ्या पोरीचं आयुष्य दिलंस तू. तुझे उपकार मी..."

त्यानं हात सोडवून घेतला. झटक्यानं नाही, एखाद्या अनोळखी बाईनं धरावा आणि आपण तो सोडवावा तसा.

"उपकार नाहीत," तो म्हणाला. "गैरसमज करून घेऊ नका. हेमांगीवर दावा चालला असता तर वर्षं गेली असती, विमावाले आले असते, वकील आले असते, शेवटी काहीतरी रक्कम ठरली असती. आणि जगूभाऊ कामावरून रोज घरी आला असता. संध्याकाळी जेवला असता. तिचं नाव वकीलबाईंनी घातलं, मला त्या पोरीकडून काही नको होतं, वहिनी. मला तो हवा होता. आज त्यानं स्वतःच स्वतःला आणून दिलं."

"तो अपघात होता रे."

"शुभदा म्हणाली होती, परत फिरू या. तो हसला." त्यानं लिफ्टच्या बंद दाराकडं बघितलं. "रोज रात्री मला तिची किंकाळी ऐकू आली असती तर मी समजू शकलो असतो. पण ती ओरडलीच नाही. मला ह्याचं हसूच ऐकू येतं."

लिफ्ट आली. तो आत गेला, दाराकडं तोंड करून उभा राहिला. दार बंद होईपर्यंत आम्ही एकमेकांकडं बघत होतो.

हेमांगीवरचा दावा काढून टाकला गेला. ह्यांच्यावर मात्र सरकारनं गुन्हा नोंदवला, निष्काळजीपणानं मृत्यू आणि परवानगीशिवाय बोट नेल्याबद्दल. ह्यांनी गुन्हा कबूल केला. हॅनली फार सांगत होता की लढू या, हे म्हणाले नको. दीड वर्ष ते आत होते. मी दर महिन्याला भेटायला जायचे, काचेच्या पलीकडून फोनवर बोलायचे. हेमांगी पहिल्यांदा आली, काचेपाशी उभी राहिली आणि एकही शब्द न बोलता निघून गेली. सुटकेच्या दिवशी त्यांना घरी सोडलंच नाही. कैदखान्यातून थेट दुसऱ्या एका कोठडीत, आणि तिथून काही आठवड्यांनी विमानात. ह्यांच्यावरच्या दाव्यात घर विकावं लागलं. विनायकच्या मुलांना त्यातून मिळालं, त्याचं मला वाईट वाटलं नाही. घर रिकामं करून मी मागोमाग देवगडला आले.

हेमांगी तिथंच राहिली. नर्स झाली, मग मोठी नर्स झाली, तिकडच्याच एका मुलाशी लग्न केलं. दर रविवारी फोन यायचा. मी उचलला की "बाबांना दे" म्हणायची. बापलेक हवापाण्याचं बोलायचे, मासे काय मिळाले, आंबा किती धरला. त्या दिवसाबद्दल एक शब्द नाही. तीनदा आली देवगडला. दर वेळी ती बापाजवळ तासन्‌तास बसायची, आणि मी चहा घेऊन गेले की दोघं गप्प व्हायची.

देवगडला आल्यावर हे कधीच पाण्यावर गेले नाहीत. भाऊबंदांच्या होड्या समोरून जायच्या, हाका यायच्या, हे हात वर करायचे आणि बसून राहायचे. पुढं दम लागायला लागला. शेवटच्या पावसाळ्यात तर उठणंच बंद झालं. एका दुपारी मी त्यांना पेज भरवत होते. बरेच दिवस ते जेमतेम बोलत होते, पण त्या दिवशी आपणहून बोलायला लागले.

"तुका आठवता, ती वकिलीण?"

"आठवते की."

"केवढे प्रश्न घातल्यान तिनां. माका वाटला, आता सापडतंलय." चमचा बाजूला सारला. दम घेत घेत बोलत होते, पण चेहऱ्यावर किती वर्षांत न पाहिलेलं समाधान होतं. "मी जल्मात खोटा बोललंय तां एकदाच. आणि तां कोणाक कळाक नाय. हेमा सुटली. विनायक समोर बसललो, त्याकासुद्धा पटला. नाय गो?"

पेज निवत चालली होती. मी चमचा पुन्हा भरला.

"पटलं," मी म्हटलं. "सगळ्यांना पटलं. आता तोंड उघडा."